इसबगोल कुठे चुकतं, कुठे पुरत नाही

इसबगोल पिकतं नीमच-मंदसौरच्या शेतांत, इंदूरकरांच्या अगदी शेजारी. तरीही जुन्या बद्धकोष्ठतेचे कितीतरी रुग्ण सांगतात, ‘मला ते लागू पडत नाही.’ यातल्या बऱ्याच जणांचं घेण्याचं गणित चुकलेलं असतं: चमचाभर भुशी, अर्धा कप कोमट दूध आणि लगेच अंथरूण.

भुशीचं सारं काम पाण्यावर चालतं. पाणी धरून ती बुळबुळीत होते, मळ मऊ आणि जाडसर होतो, त्याचा ताण भिंतीला जाणवला की आतडं त्याला पुढे ढकलतं. पाणी कमी पडलं तर तीच भुशी आत गोळा होऊन बसते, क्वचित अन्ननलिकेतही अडकते. म्हणून पहिला आठवडा १ चहाचा चमचा भुशी २५० मिली पाण्यात ढवळून, घट्ट होण्याआधी प्यावी. वर आणखी एक ग्लास पाणी. मग २ चमचे. एकदम वाढवली की पोट फुगतं आणि माणूस कंटाळून सोडून देतो. इतर औषधांपासून २ तासांचं अंतर ठेवावं. परिणाम दिसायला १ ते ३ दिवस लागतात. निकाल २-३ आठवड्यांनी लावावा. गिळायला त्रास होत असेल तर भुशी नकोच. हृदय-किडनीच्या आजारात पाण्यावर बंधन असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

दिवसाला २५-३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. सकाळी पोहे-जिलबी, चार वाजता कचोरी, रात्री सराफा बाजारातलं खाणं, एवढ्यावर ते भागत नाहीत. पोहे सोडायची गरज नाही. त्यात मटार घाला, नंतर एक पेरू खा (मध्यम आकाराच्या पेरूत सुमारे ५ ग्रॅम तंतू असतात), जेवणात ज्वारीची भाकरी आणि उसळ ठेवा.

न्याहारीनंतर अर्ध्या तासात मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. शौचाला बसायची खरी वेळ तीच, आणि ऑफिसच्या घाईत नेमकी तीच मारली जाते. गुडघेदुखीमुळे कमोडवर आलेल्यांनी पायांखाली १५-२० सेंमी उंचीचा पाट घ्यावा आणि पुढे वाकावं. गुडघे कमरेच्या वर आले की मलाशयाला मागून आवळणारा स्नायू सैलावतो, वाट सरळ होते. १० मिनिटांपेक्षा जास्त बसू नये.

एवढ्यानं भागलं नाही तर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर, रोज १७ ग्रॅम ग्लासभर पाण्यात. ती पाणी आतड्यातच धरून ठेवते. ‘सवय लागेल’ या भीतीनं लोक ती टाळतात आणि दुकानातून चूर्ण आणतात. त्या चूर्णात बहुधा सोनामुखी, म्हणजे आतड्याला थेट चेतवणारं रेचक असतं. वेष्टन वाचून घ्यावं. बिसाकोडिल ५-१० मिग्रॅ रात्री घेतलं तर ६-१२ तासांत काम करतं. ते अडीअडचणीला ठेवावं.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, वेरापामिल यांनीही मळ घट्ट होतो. थायरॉइड मंदावल्यानंही तसंच होतं, पण त्याची तपासणी राहून गेलेली असते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना पातळ गळती होत असेल तर जुलाब थांबवायचं औषध देण्याआधी मलाशय तपासून घ्या. आत घट्ट मळाचा खडा बसून त्याच्या बाजूनं पाणी झिरपत असू शकतं. रक्त पडणं, वजन उतरणं, रक्तक्षय किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलणं, यात घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

आणि काहींचा मळ मऊच असतो, तरी कुंथावं लागतं, बोटानं मदत करावी लागते. यांचा कटितळाचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचा स्नायू जोर देताना सैल पडण्याऐवजी आवळतो. अशांना आणखी तंतू दिले की त्रास वाढतो. पोटविकारतज्ज्ञ मॅनोमेट्री (मलाशय-गुदद्वारातला दाब मोजणारी तपासणी) करतात आणि ५० मिली पाण्याचा छोटा फुगा बाहेर टाकता येतो का ते पाहतात. उपचार बायोफीडबॅकचा: पडद्यावर स्वतःच्या स्नायूचा दाब बघत, पोटानं जोर देताना गुदद्वार सैल सोडायला रुग्ण शिकतो. काही आठवड्यांत पसरलेल्या ४-६ बैठका लागतात, आणि गोळ्यांनी वर्षानुवर्षं न सुटलेला त्रास यातून पुष्कळांचा सुटतो.