लाइव्ह युनिटचा कॅमेरामन हजेरीवर कसा आला

जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान, दहीहंडी, बैलगाडा शर्यत किंवा गावाकडचं लग्न मोबाइलवर थेट दिसतं, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा एखादं लाइव्ह युनिट असतं. कॅमेऱ्यांची चित्रं निवडायचा मिक्सर, केबलची भेंडोळी, कधी कॅमेरेसुद्धा युनिटमालकाचे. कॅमेऱ्यावर उभी राहणारी माणसं मात्र त्या दिवसापुरती बोलावलेली असतात. काम झालं की त्यांना हजेरी, म्हणजे त्या दिवसाचे पैसे मिळतात. ही व्यवस्था जुनी नाही. त्याआधी बराच काळ कॅमेरा ज्याचा, तोच तो चालवायचा.

या कामाचा पहिला माणूस मराठीच आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईत फोटोग्राफीचा व्यवसाय करत. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. सावेदादांनी ती पाहिली आणि २१ गिनी मोजून इंग्लंडहून स्वतःचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला विलायतेला गेली. १९०१ च्या डिसेंबरात गणितज्ञ रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा चौपाटीवर त्यांचं स्वागत झालं. तेही सावेदादांनीच टिपलं. भारतीय माणसाने कॅमेरा पहिल्यांदा रोखला तो नाटक-सिनेमाच्या कथेवर नाही, समोर घडणाऱ्या कुस्तीवर. सिनेमाच्या इतिहासात ही गोष्ट एका ओळीत येते. मैदानावर कॅमेरा लावणाऱ्यांनी ती अभिमानाने सांगावी, असं मला मनापासून वाटतं.

पुढची कित्येक दशकं फिल्म महाग होती आणि गावातले समारंभ फोटोग्राफरकडेच राहिले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं. मग घरोघरी टीव्ही आणि भाड्याचे व्हीसीआर आले, त्यांच्या मागोमाग खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा आला. पॅनासॉनिकचे एम ३०००, एम ९००० हे आकडे त्या पिढीतल्या शूटिंगवाल्यांना आजही तोंडपाठ असतात. बहुतेक जण फोटो स्टुडिओतूनच पुढे आलेले. कर्ज काढून कॅमेरा घ्यायचा, हॅलोजनचा दिवा धरायला एक पोरगा सोबत न्यायचा, लग्न उरकलं की कॅसेट मिक्सिंगला, म्हणजे एडिटिंगला टाकायची. ऑर्डर त्याची, कॅमेरा त्याचा, उधारीही त्याचीच. हार घालताना फोकस गेला तर तो हक्काने सांगायचा, ‘परत एकदा घाला.’ आणि नवरानवरी ऐकायची.

नव्वदच्या दशकात केबल आली. तालुक्याच्या गावी केबलवाला स्वतःचा लोकल चॅनल चालवू लागला. गणपतीची मिरवणूक, शाळेचं गॅदरिंग, पुढाऱ्याचा वाढदिवस, सगळ्यांच्या कॅसेट त्याच्याकडे लागायच्या. काही ठिकाणी विसर्जन थेट दाखवायची सुरुवात इथूनच झाली. पुढे मिनी डीव्ही ही छोटी डिजिटल कॅसेट आली आणि कॅमेरा हलका झाला.

खरा बदल पडद्याने केला. सभा, प्रवचन, संगीत रजनी यांची गर्दी वाढली आणि मागच्यांना दिसावं म्हणून मंडपातच प्रोजेक्टर लागू लागले, नंतर एलईडी वॉल. एका कॅमेऱ्याचं चित्र त्यावर सलग ठेवलं तर ते कंटाळवाणं होतं. म्हणून दोन-तीन कॅमेरे आणि त्यांतलं एक चित्र निवडायला मिक्सर आला. इतकं सामान एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. ज्याने ते घेतलं तो युनिटमालक झाला, बाकीचे नुसता कॅमेरा चालवणारे ऑपरेटर झाले. लग्नातही तेच घडत होतं. कॅननचा फाइव्ह डी मार्क टू हा कॅमेरा २००८ मध्ये आला, फोटोच्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर व्हिडिओ होऊ लागला आणि एकाच लग्नाला ट्रॅडिशनल, कँडिड, ड्रोन अशी वेगवेगळी माणसं लागू लागली. फ्रीलान्स ऑपरेटर म्हणतात तो याच काळात घडला.

प्रक्षेपण स्वस्त व्हायला आणखी काही वर्षं गेली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, त्याच वर्षी फेसबुक लाइव्ह सर्वांसाठी खुलं झालं. २०१९ मध्ये ब्लॅकमॅजिकचा एटेम मिनी आला आणि चार कॅमेऱ्यांचा मिक्सर पिशवीत मावू लागला. त्यानंतर लगेच करोना. लग्नाला ५० माणसांची मर्यादा, २०२० मध्ये सार्वजनिक गणेशमूर्ती चार फुटांपर्यंत, दर्शन ऑनलाइन. सीझन बुडालेल्या अनेक शूटिंगवाल्यांनी लाइव्हचं काम तेव्हा हाती घेतलं. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि पश्चिम महाराष्ट्रात कामाचा नवा हंगामच उघडला. २०१४ च्या बंदीआधी शर्यत घाटात, म्हणजे बैलगाडे धावतात त्या जागी जाऊन पाहायची असे; आता ती दुबईत बसलेला गाववालाही पाहतो.

या कामाची जात वेगळी आहे. लग्नात ‘परत एकदा’ म्हणता येतं, कुस्तीत पटाचा डाव एकदाच निघतो. ढोल-ताशाच्या दणक्यात हेडसेटवर काही ऐकू येत नाही, म्हणून आधीच वाटणी ठरते: एकाने वाइड, म्हणजे सगळं मैदान दिसणारी फ्रेम सोडायची नाही, दुसऱ्याने क्लोजवर, म्हणजे जवळच्या चित्रावर राहायचं, तिसऱ्याने गर्दी द्यायची. आपला कॅमेरा आत्ता पडद्यावर आहे की नाही हे दाखवणारा लाल दिवा छोट्या युनिटात बऱ्याचदा नसतो. त्यामुळे दिवसभर प्रत्येक क्षणी आपलंच चित्र चालू आहे असं धरून उभं राहावं लागतं. उन्हात, मचाणावर, जेवायला सोडवणारा कोणी नसताना.

एवढं करून चॅनलवर नाव युनिटचं येतं, फुटेज युनिटकडे राहतं. काम देणारी पार्टी पैसे देते मालकाला, आणि तिकडून उशीर झाला की ऑपरेटरची हजेरी लांबते. लिहून कोणीच काही देत नाही. कामाचं बोलावणं ‘उद्या दोन ऑपरेटर पाहिजेत’ एवढ्या मेसेजवर येतं. मला हे बरोबर वाटत नाही. किती तास, कॅमेरा कोणाचा, तो पडला तर भरपाई कोणाची, पैसे कोणत्या दिवशी, एवढ्या चार गोष्टी त्याच मेसेजमध्ये लिहून घ्यायला काहीच हरकत नाही. काही तरुण ऑपरेटर आता तसं विचारू लागले आहेत, विशेषतः स्वतःचा कॅमेरा घेऊन जाणारे.