फ्रुक्टोसिल ट्रान्सफरेज (गवतांतील)

गहू, बार्ली, राय गवत, टिमोथी अशा थंड हवेतील गवतांच्या पानांत व खोडांत फ्रुक्टन हे साठवणीचे कर्बोदक तयार करणारा विकरांचा (एन्झाइमांचा) गट. फ्रुक्टन म्हणजे फ्रुक्टोजच्या कड्यांची साखळी. तिच्या मुळाशी सुक्रोजचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेचा, एक रेणू असतो. स्टार्च हरितलवकात कणांच्या रूपाने साठतो. फ्रुक्टन मात्र पाण्यात विरघळते आणि पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत, राहते. हे विकरही तिथेच काम करतात.

सुक्रोजमध्ये ग्लुकोज व फ्रुक्टोज यांना जोडणारा बंध ऊर्जेने भरलेला असतो. तो तुटताना मिळणारी ऊर्जाच पुढच्या जोडणीला पुरते, पेशीचे ऊर्जावाहक एटीपी वेगळे खर्च करावे लागत नाही. पहिला विकर १-एसएसटी. तो एका सुक्रोजमधले फ्रुक्टोज काढून दुसऱ्या सुक्रोजवर बसवतो. त्यातून १-केस्टोज ही तीन घटकांची शर्करा तयार होते आणि ग्लुकोज मोकळे होते. पुढे १-एफएफटी साखळी सरळ वाढवतो, तर ६-एसएफटी फ्रुक्टोजच्या सहाव्या कार्बनवर जोड देतो. गहू व बार्लीत या दोन्ही प्रकारचे जोड एकाच रेणूत आढळतात, त्यामुळे साखळीला फांद्या फुटतात. टिमोथीत मात्र सहाव्या कार्बनवरचेच जोड प्रामुख्याने असतात आणि साखळी शंभराहून अधिक घटकांची होऊ शकते. राय गवतात ६जी-एफएफटी हा आणखी एक विकर आहे. तो ग्लुकोजच्या बाजूनेही साखळी सुरू करतो, म्हणजे रेणू दोन्ही टोकांनी वाढतो. कांद्यातही हाच प्रकार आढळतो.

एडेलमन व जेफर्ड या संशोधकांनी १९६८ मध्ये फ्रुक्टन कसे बनते याचे दोन विकरांचे (१-एसएसटी व १-एफएफटी) प्रारूप मांडले, पण ते गवतावरून नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातील जेरुसलेम आर्टिचोकच्या कंदांवरून त्यांनी ते बसवले होते. गवतांतील फांद्यांच्या साखळ्यांचा उलगडा त्या प्रारूपाने होत नव्हता. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी १९९५ मध्ये बार्लीच्या ६-एसएफटीचे जनुक वेगळे केले, तेव्हा ही अडचण बरीचशी सुटली.

त्या जनुकाने एक नातेही उघड केले. ६-एसएफटीची घडण रिक्तिकेतील इन्व्हर्टेजशी फार जुळते. इन्व्हर्टेज सुक्रोज फोडून फ्रुक्टोज पाण्याच्या रेणूला देतो, हा विकर तेच फ्रुक्टोज दुसऱ्या शर्करेला देतो. फोडणाऱ्याचा जोडणारा झाला तो मोजक्या अमिनो आम्लांच्या बदलाने. जुनी सवय पुरती सुटलेली नाही: समोर फक्त सुक्रोज असेल, तर बार्लीचा ६-एसएफटी बराचसा इन्व्हर्टेजसारखाच वागतो. १-केस्टोज मिळाले की मात्र तो त्यापासून बायफर्कोज ही फांदी असलेली शर्करा बनवतो.

हे विकर केव्हा तयार व्हावेत हे मुख्यतः पानातील सुक्रोज ठरवते. बार्लीचे पान तोडून उजेडात ठेवले, की शर्करेला बाहेर जायची वाट राहत नाही. सुक्रोज साचते आणि काही तासांतच विकरांची जनुके जागी होतात. शेतात हेच काम थंडी करते. पारा उतरला की वाढ आधी थांबते, प्रकाशसंश्लेषण मात्र चालू राहते, आणि शिल्लक शर्करा फ्रुक्टनमध्ये जाते. साठा मोडण्याचे काम फ्रुक्टन एक्झोहायड्रोलेज या दुसऱ्या विकरांचे. जनावरांनी गवत चरून टाकल्यावर बुडख्यातले फ्रुक्टन मोडूनच नवे पाते येते.

सर्वच गवते या वाटेने जात नाहीत. ऊस, ज्वारी व मका ही गवतेच, पण त्यांची पाने दिवसा स्टार्च साठवतात आणि ऊस आपल्या कांड्यांत सुक्रोज जसेच्या तसे भरतो. भातातही फ्रुक्टन साचत नाही. गव्हाच्या खोडात मात्र ते भरपूर साचते. दाणे भरताना पाणी कमी पडले, तर हाच साठा ओंबीला उपयोगी पडतो.

वेल्समधील ॲबेरिस्टविथ येथे अधिक शर्करेची राय गवते तयार करण्यात आली. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जंतूंना तयार ऊर्जा मिळावी आणि गवतातील प्रथिन वाया न जाता वापरले जावे, हा त्यामागचा विचार. घोड्यांच्या बाबतीत मात्र हीच शर्करा काळजीचे कारण ठरते. लहान आतड्यात न पचलेले फ्रुक्टन मोठ्या आतड्यात झपाट्याने आंबते आणि खुरांचा दाह होण्यामागे ते असावे असे मानले जाते. म्हणून थंड रात्रीनंतर स्वच्छ ऊन पडले, की हा त्रास होऊ शकणाऱ्या घोड्यांना कुरणात सोडू नये असा सल्ला देतात.