उसनी प्रतिकारशक्ती

पावसात कोकणातल्या चिरेखाणी, विहिरी, बांधकामांच्या टाक्या तुडुंब होतात आणि हिवतापाचे कर्मचारी काचपट्टीवर रक्त घ्यायला घरोघर फिरू लागतात. पूर्वी गावातल्या हिवतापाचा अंदाज पोरांची पोटं चाचपून घेत. डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागणारी मुलं किती, हे मोजत. हिवतापाचे परजीवी शिरलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गाळून काढताना पानथरी सुजते. परजीवींशी झुंजलेल्या पांढऱ्या पेशीही तिथेच दाटीने असतात.

हिवतापातून बऱ्या झालेल्या उंदराच्या पानथरीतल्या याच पेशी काढून, कधीच ताप न आलेल्या उंदराच्या शिरेत सोडल्या आणि मग त्याला परजीवी टोचले, तर? त्याच्या रक्तात परजीवी कमी वाढतात आणि लवकर हटतात. निरोगी उंदराच्या पेशी दिल्या तर तेवढं संरक्षण मिळत नाही. म्हणजे लढाईची आठवण पेशींबरोबर दुसऱ्या शरीरात जाते. अट एकच: दोन्ही उंदीर एकाच शुद्ध वंशाचे हवेत, नाहीतर शरीर परक्या पेशी नाकारतं.

माणसांत १९६१ मध्ये गॅम्बियात वेगळा प्रयोग झाला. हिवतापाला सरावलेल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे परजीवींना चिकटून रोखणारी प्रथिनं, आजारी मुलांना दिली, तेव्हा परजीवी झपाट्याने घटले. पण अशी उसनी प्रतिपिंडं काही आठवड्यांत विरत जातात. पेशींचं तसं नाही. परजीवी पुन्हा दिसला की त्या वाढतात, नवी फौज उभी करतात.

मला या प्रयोगांतला सर्वांत मोलाचा भाग पुढचा वाटतो. पेशी एकत्र न देता निवडून देता येतात, आणि मग कोण कुठे लढतं ते उलगडतं. डासाने सोडलेला परजीवी आधी यकृतात शिरतो. यकृताची पेशी आत शिरलेल्या परजीवीचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर दाखवते, मारक टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) ते ओळखतात आणि ती पेशी परजीवीसकट मारतात. १९८९ मध्ये एकाच मारक पेशीपासून वाढवलेल्या पेशी देऊन उंदरांना या टप्प्यावर वाचवता आलं. परजीवी रक्तात उतरला की चित्र पालटतं. पक्व तांबडी पेशी असे तुकडे दाखवत नाही. तिथे प्रतिपिंडं आणि मदतनीस टी-पेशींचीच मदार.

माणसांना अशा पेशी टोचणं हा व्यवहार्य उपाय नाही. पण लसीने नेमकं काय जागवायचं, हे या उंदरांनी दाखवलं. पुण्यात बनणाऱ्या हिवतापाच्या आर-२१ लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मुलांसाठी केली. ती फाल्सिपेरम परजीवीविरुद्ध आहे. यकृतात महिनोन्‌महिने दडून ताप उलटवणाऱ्या व्हायव्हॅक्स या दुसऱ्या परजीवीवर अजून अशी मान्यताप्राप्त लस नाही.