झळ आजची, फायदा नातवंडांचा

धुराड्यातला धूर ज्याच्या छातीत जातो, त्याचं नुकसान कारखान्याच्या वहीत कुठेच चढत नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये हे मांडलं आणि उपायही सांगितला: जेवढं नुकसान, तेवढा कर. त्यांच्या डोळ्यांसमोर हवामान बदल नव्हता, पण आजचा कार्बन कर, म्हणजे कोळसा-तेल जाळून हवेत जाणाऱ्या कार्बनवरचा कर, त्याच विचारातून आला. फिनलंडने तो १९९० मध्ये लावला, स्वीडनने पुढच्याच वर्षी.

पण नुकसान मोजायचं कसं? खरा वाद पेटला तो इथे. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात म्हटलं, की उत्सर्जन रोखायला दरवर्षी जगाच्या उत्पन्नाचा साधारण १ टक्का लागेल. हातावर हात ठेवून बसलो तर किमान ५ टक्के, आणि सगळे धोके धरले तर २० टक्के किंवा त्याहूनही जास्त जाईल. सत्तरच्या दशकापासून याच गणितात बुडालेले अमेरिकेचे अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी हरकत घेतली ती डिस्काउंट रेटवर, म्हणजे पुढचं नुकसान आजच्या पैशात मांडताना धरलेल्या दरावर. स्टर्न यांनी तो फारच कमी धरला, असं त्यांचं म्हणणं. शंभर वर्षांनी होणारं १०० कोटी डॉलरचं नुकसान १.४ टक्के दराने आज २५ कोटींचं ठरतं. दर ४ टक्के धरला की जेमतेम २ कोटींचं. पूर तोच, बुडणारी घरंही तीच. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मी दरवेळी अस्वस्थ होतो.

खर्चाचे अंदाजही चुकत आले. आम्लवर्षा रोखण्यासाठी अमेरिकेने १९९० च्या कायद्याने गंधकाच्या उत्सर्जनाचे परवाने खरेदी-विक्रीला खुले केले, तेव्हा उद्योगांनी वर्तवला होता त्यापेक्षा खर्च बराच कमी आला. जर्मनीने २००० पासून सौर विजेला हमीभाव दिला. तिथल्या ग्राहकांनी वर्षानुवर्षं बिलात जादा आकार सोसला. त्या मागणीने आणि चिनी कारखान्यांनी मिळून पॅनल जगभर स्वस्त केले.

झळ मात्र सगळ्यांना सारखी बसत नाही. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये इंधनावरचा कर वाढणार म्हटल्यावर, गाडीशिवाय कामावर पोहोचताच येत नाही असे लोक पिवळी जॅकेटं घालून रस्त्यावर उतरले. डिसेंबरात सरकारने वाढ मागे घेतली. कॅनडात तर कराचा बहुतेक पैसा घरोघरी परत मिळत होता. पण पंपावरचा दर रोज दिसायचा, खात्यातली रक्कम तीन महिन्यांतून एकदा. १ एप्रिल २०२५ पासून तिथल्या सामान्य ग्राहकांच्या इंधनावरचा हा आकार शून्यावर आणला गेला.