साथीची खबर आधी कुणाला लागते?

ऑगस्ट १९९४. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडायला लागले. पिसवांचा त्रास इतका वाढला की गावकऱ्यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच आरोग्य खात्याकडे तक्रार केली. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. धक्क्यांच्या भीतीनं लोक घराबाहेर राहायला गेले, धान्य मात्र घरातच राहिलं आणि त्यावर उंदीर पोसले गेले, असं पुढे तज्ज्ञांनी मांडलं. ऑगस्ट सरता सरता प्लेगची गाठ आलेले रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडलं. औषधाच्या दुकानांतलं टेट्रासायक्लिन संपलं, काही देशांनी भारताची विमानं थांबवली. मृत्यू पन्नासच्या आसपास होते, घबराट मात्र देशभर पसरली.

उंदीर पडण्याचा अर्थ महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथींनी तो शिकवला होता: उंदीर पडले की घर सोडायचं, माळावर झोपडी घालायची. म्हणजे धोक्याची खूण गावाला दिसली होती, तक्रार होऊन ती सरकारी दप्तरापर्यंत गेलीही होती. उणीव होती ती अशा खबरा गोळा करून, एकमेकींशी ताडून वेळेवर कारवाई करणाऱ्या यंत्रणेची. रोगप्रतिबंधासाठी आज जी डिजिटल साधनं वापरली जातात, त्यांच्या बाबतीतही मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साथीची पहिली खबर कुणाला लागते आणि ती पुढे कशी जाते?

त्याच १९९४ साली काही शास्त्रज्ञांनी ‘प्रोमेड’ नावाची ईमेल-सेवा सुरू केली. जगात कुठेही काही वेगळा आजार दिसला की डॉक्टरांनी, पशुवैद्यांनी कळवायचं. जाणकार संपादकांनी ते तपासून सर्वांना पाठवायचं. १० फेब्रुवारी २००३ रोजी या सेवेवर एका निवृत्त अमेरिकी डॉक्टरांनी विचारणा केली, की चीनच्या ग्वांगझू शहरात रुग्णालयं बंद पडताहेत आणि माणसं मरताहेत असं कानावर आलं आहे, कुणाला काही माहीत आहे का? दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, की चीन सरकारनं ३०५ रुग्ण आणि ५ मृत्यूंची माहिती दिली आहे. हीच ‘सार्स’ या श्वसनाच्या आजाराची साथ. ती आटोक्यात येईपर्यंत ८ हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि ७७४ जण दगावले.

याच साथीतली आणखी एक गोष्ट मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. कॅनडा सरकारची ‘जीफिन’ ही प्रणाली तेव्हाच जगभरच्या बातम्या संगणकाकरवी चाळत असे. दक्षिण चीनमधल्या आजाराविषयीची एक बातमी तिनं नोव्हेंबर २००२ मध्येच पकडली होती. पण ती बातमी चिनी भाषेत होती आणि इंग्रजीत तिचा मथळा तेवढा आला. आत काय लिहिलंय ते वेळेवर कुणी वाचलं नाही. साथ सुरू होते एखाद्या खेड्यात, एखाद्या वस्तीत, आणि तिची पहिली बातमी तिथल्या बोलीत, तिथल्या छोट्या वर्तमानपत्रातच येते. जी यंत्रणा फक्त इंग्रजी वाचते, तिला साथ उशिराच दिसणार. सार्सनंतर आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलले. २००५ मध्ये मंजूर आणि २००७ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनुसार जागतिक आरोग्य संघटना सरकारी कागदांपलीकडच्या बातम्यांचीही दखल घेऊ शकते आणि संबंधित देशाला खुलासा विचारू शकते.

मग कुणाला तरी वाटलं, माणसांनी कळवण्याची वाट तरी कशाला बघायची? ताप आला की लोक डॉक्टरकडे जाण्याआधी मोबाइलवर ‘ताप, अंगदुखी’ असं शोधतात. त्या शोधांवरूनच साथ ओळखता येईल. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये गूगलनं ‘फ्लू ट्रेंड्स’ सुरू केलं. अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या नोंदींतून सर्वाधिक शोधल्या गेलेल्या ५ कोटी शब्दसमूहांची तिथल्या फ्लूच्या अधिकृत आकड्यांशी तुलना झाली आणि ज्यांची चढउतार सर्वांत जास्त जुळली असे ४५ निवडले गेले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे आकडे यायला एक-दोन आठवडे लागत, हा अंदाज जेमतेम एका दिवसात मिळे. २०११ मध्ये भारत, ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि बोलिव्हिया या देशांसाठी डेंगीचा असाच अंदाज सुरू झाला.

कल्पना सुंदर होती आणि तिच्यामागचं गणितही प्रामाणिक होतं. तरी पहिलाच मोठा पेपर ती नापास झाली. २००९ च्या वसंतात स्वाइन फ्लू आला, तो तिला दिसला नाही. हा फ्लू नेहमीच्या हंगामात आला नव्हता, आणि ही पद्धत नकळत हिवाळा ओळखायला शिकली होती. निवडीच्या वेळीच याची चाहूल लागली होती, कारण आकडे जुळणाऱ्या शब्दांत शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांचे शोधही आले होते. अमेरिकेत ते सामने आणि फ्लू एकाच ऋतूत येतात एवढाच त्यांचा संबंध! असे शब्द हातानं काढून टाकावे लागले.

पुढे सुधारणा झाल्या, पण २०१२-१३ च्या हिवाळ्यात अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. वर्तमानपत्रांत फ्लूच्या बातम्या आल्या की निरोगी माणसंही फ्लूविषयी शोधू लागतात. शिवाय शोधयंत्र स्वतःच नवे शब्द सुचवू लागलं, म्हणजे मोजमापाची पट्टीच मधल्या मधे बदलली. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे हा अंदाज वाजवीपेक्षा जास्त होता. २०१५ मध्ये तो जाहीर करणं बंद झालं. त्या विश्लेषणातला एक निष्कर्ष मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. दवाखान्यांतून उशिरा येणारे खरे आकडे आणि इंटरनेटवरचे ताजे शोध एकत्र वापरले, तर अंदाज दोन्हींपेक्षा चांगला येतो. शोधांना वेग आहे आणि दवाखान्याच्या नोंदीला आधार आहे, म्हणून एकाला दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

इबोलानं याची दुसरी बाजू दाखवली. पश्चिम आफ्रिकेतली साथ मार्च २०१४ मध्ये जाहीर झाली. बॉस्टनच्या ‘हेल्थमॅप’ या संगणकीय प्रणालीनं जागतिक आरोग्य संघटनेच्या घोषणेच्या नऊ दिवस आधी ती टिपली, म्हणून तिचं खूप कौतुक झालं. पण साथीचा पहिला रुग्ण गिनीतल्या मेलियांदू गावातला दोन वर्षांचा मुलगा होता आणि तो डिसेंबर २०१३ मध्येच गेला होता. मधले तीन महिने माणसं मरत होती आणि त्याविषयी कुठे काही लिहिलं जात नव्हतं, त्यामुळे कोणत्याच संगणकाला काही दिसलं नाही. गावाजवळ रोग ओळखणारी प्रयोगशाळा नव्हती आणि कळवायची सोपी वाटही नव्हती. त्या साथीनं ११ हजारांहून अधिक बळी घेतले.

आता आपल्याकडे येऊ. प्लेगचा धडा घेऊन भारतानं आधी एक छोटा कार्यक्रम आणि नंतर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला. त्याचा गाभा तीन फॉर्ममध्ये आहे. उपकेंद्रावरच्या नर्सताई घरोघरी दिसलेला ताप, जुलाब, पुरळ ‘एस’ फॉर्ममध्ये नोंदवतात. डॉक्टर तपासून केलेलं निदान ‘पी’ फॉर्ममध्ये लिहितात. प्रयोगशाळेनं पक्का केलेला रोग ‘एल’ फॉर्ममध्ये जातो. पूर्वी हे कागद आठवड्यातून एकदा वर जात. एप्रिल २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या नव्या पोर्टलवर, म्हणजे ‘आयएचआयपी’वर, तेच गावाच्या नावानिशी मोबाइलवरून भरलं जातं, आणि पूर्वीच्या १८ रोगांऐवजी ३३ हून अधिक रोगांची नोंद होते. एका गावात चार दिवसांत जुलाबाचे दहा रुग्ण नोंदले गेले तर जिल्ह्याच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याला ते त्याच दिवशी दिसू शकतं. माझ्या मते आपल्याकडचं हे सर्वांत मोलाचं डिजिटल आरोग्य-साधन आहे, आणि त्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो.

बातम्या चाळण्याचं कामही चालतं. राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राचा माध्यम-कक्ष २००८ पासून आहे. २०२२ पासून त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड मिळाली असून आता १३ भाषांतल्या बातम्या वाचल्या जातात. जीफिनला जे जमलं नाही, ते इथे ठरवून केलं आहे. या प्रणालीनं कोट्यवधी लेखांतून सुमारे ९५ हजार आरोग्य-घटना वेगळ्या काढल्या. त्यांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास घटना तज्ज्ञांना संभाव्य साथी वाटल्या. बाकीच्या का नाहीत हे ठरवायला माणूसच लागला.

माणसांच्या नोंदीतलं मोठं भगदाड खासगी दवाखान्यांचं आहे. आपल्यातले बहुतेक जण तापासाठी आधी तिथेच जातात आणि तिथली नोंद पुष्कळदा तिथेच राहते. हे बदलता येतं, हे क्षयरोगानं दाखवलं. २०१२ मध्ये क्षयरुग्णाची नोंद बंधनकारक झाली आणि ‘नि-क्षय’ पोर्टल आलं. तरी २०१३ मध्ये देशातल्या खासगी डॉक्टरांकडून ४० हजारांहून कमी नोंदी आल्या. पुढे नोंद करणं सोपं केलं, डॉक्टरांना मानधन दिलं, २०१८ पासून रुग्णाला पोषण आहारासाठी दरमहा पैसे थेट खात्यात मिळू लागले. २०२३ मध्ये खासगी नोंदी ८ लाखांच्या वर गेल्या. रोग एवढा वाढला नव्हता, तो आधीपासून होता आणि आता मोजला जाऊ लागला. ज्या नोंदीतून रुग्णाला आणि डॉक्टरला काही मिळतं, ती नोंद टिकते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. हातापायांतलं बळ जाणारा हा आजार एरवी वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. असे अनेक रुग्ण एकाच सुमाराला दाखल होताहेत, हे रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. मग सर्वेक्षण पथकं घरोघरी गेली, पाण्याचे आणि शौचाचे नमुने तपासले गेले. काही रुग्णांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला आणि पाण्यावरचा संशय बळावला. त्याच दिवसांत मोबाइलवर चिकनविषयी घाबरवणारे संदेश फिरत होते. त्यांत अर्धसत्य होतं, कारण हा जिवाणू कोंबड्यांत असतो, पण नीट शिजवल्यावर तो मरतो. पाणी उकळून प्या, हा साधा आणि जास्त उपयोगाचा सल्ला त्या गदारोळात मागे पडत होता.

म्हणून आरोग्याचा संदेश पुढे पाठवण्याआधी त्यात गावाचं नाव, तारीख आणि कुणी सांगितलं हे आहे का, एवढं पाहा. नसेल तर तो थांबवा. देशातल्या साथींचे साप्ताहिक अहवाल सर्वेक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर जिल्ह्यानिशी वाचता येतात. महाराष्ट्रात १०४ क्रमांकावर आरोग्यसल्ला मिळतो. सिंधुदुर्गात किंवा गोव्यातल्या सत्तरीत रानात माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता जवळच्या आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. माणसांनाही होणारा माकडताप पसरवणाऱ्या गोचिडी तिथे असू शकतात आणि काजूच्या हंगामात तिथेच माणसं कामाला जातात.

आणि पावसाळ्यात घरात कुणाला डेंगी निघाला, तर पालिकेच्या फवारणीवाल्यांची कटकट नको म्हणून पत्ता लपवू नका. डेंगीचा डास साधारण शंभर-दोनशे मीटरच्या टापूतच फिरतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. रुग्णालयाच्या कागदावर गावाकडचा जुना पत्ता किंवा फक्त ‘पुणे’ असं लिहिलं, तर पोर्टलवरचा ठिपका भलतीकडे उमटतो आणि पथक भलत्याच गल्लीत टाक्या तपासत बसतं. रुग्ण गेले दहा दिवस जिथे झोपत होता आणि जिथे दिवसभर कामाला बसत होता, ते दोन्ही पत्ते इमारत आणि गल्लीच्या नावासह सांगा.