लिथियम, हाताची थरथर आणि माजी सैनिकाचं मत

समजा, बायपोलर आजार (मूड कधी टोकाचा चढतो, कधी खोल उतरतो) असलेला एक अमेरिकी माजी सैनिक आहे. मूड स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू आहे. डॉक्टर विचारतात, "झोप कशी आहे? मूड?" तो म्हणतो, "ठीक आहे." लिथियमची पातळी, किडनी, थायरॉईड, सगळे रिपोर्ट चांगले. भेट संपली. पण या गड्याचं पोट इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवर चालतं, आणि लिथियममुळे सोल्डर मारताना त्याचा हात थरथरतो. हे तो बोलत नाही. काही दिवसांनी गोळ्याच बंद करतो. लिथियम असं एकदम थांबवलं, की उन्मादाचा झटका परतण्याचा धोका वाढतो. खरं तर डोस थोडा उतरवता आला असता, थरथरीसाठी प्रोप्रॅनोलॉल देता आलं असतं किंवा दुसरं औषध वापरून बघता आलं असतं. यातलं काय निवडायचं हे डॉक्टरांनी एकट्याने ठरवून भागत नाही, रुग्णालाही त्या निर्णयात सामील करावं लागतं. थरथर त्या माणसाला किती नडते, हे कुठल्याच रिपोर्टमध्ये छापून येत नाही.

सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तम औषध असतं, तर हा प्रश्नच उरला नसता. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या 'केटी' या मोठ्या अमेरिकी अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या (नसलेले आवाज ऐकू येणं, भ्रम होणं असा मानसिक आजार) सुमारे 74 टक्के रुग्णांचं सुरुवातीचं औषध 18 महिन्यांच्या आत सुटलं किंवा बदललं. ओलान्झापिन या औषधावर लोक त्यातल्या त्यात जास्त टिकले. पण वजनही त्यावरच सर्वांत जास्त वाढलं. ते नसलेले आवाज कमी होणं मोलाचं की वजन न वाढणं, याचं उत्तर माणसागणिक बदलणार.

"पण मानसिक रुग्णांना यातलं कळतं का?" हा आक्षेप येतोच. ग्रिसो आणि ॲपलबॉम या अमेरिकी संशोधकांनी 1995 मध्ये उपचारांबद्दलची निर्णयक्षमता मोजली, तेव्हा रुग्णालयात दाखल असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे सर्व कसोट्यांवर पुरेसे उतरले. उरलेल्यांचं काय? 2000 साली मेरीलँडमधल्या संशोधकांनी कमी पडणाऱ्या रुग्णांना तीच माहिती पुन्हा, सावकाश समजावली आणि त्यांचे गुण निरोगी लोकांच्या आसपास पोचले. म्हणजे अडचण बऱ्याचदा समजावण्याच्या घाईत असते, असं मला वाटतं.

माजी सैनिकांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. हुद्द्याने वरच्या माणसाला उलट प्रश्न न विचारण्याची सवय अंगात मुरलेली असते, आणि पांढऱ्या कोटाला नकळत तोच मान मिळतो. शिवाय भीती: जास्त बोललो तर दाखल करतील. म्हणून 'तुमचं मत सांगा' एवढं म्हणून भागत नाही. मत मांडण्याचा सराव लागतो. सॅन डिएगोमध्ये अमेरिकी सरकारच्या माजी सैनिक व्यवहार विभागाच्या, म्हणजे व्हीएच्या, संशोधकांनी नेमकं असं प्रशिक्षण तयार केलं. गटात बसून आपल्याला काय हवंय ते नीट मांडायचं, पर्यायांचे फायदे-तोटे तोलायचे आणि डॉक्टरांशी बोलण्याची रंगीत तालीम करायची.

अशा वेळी स्वतः मानसिक आजारातून सावरलेला माजी सैनिक शेजारी असला, तर फार फरक पडावा. व्हीएत ते रीतसर पगारी पद आहे. 2012 च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने अशा 800 जणांच्या भरतीचं लक्ष्य ठेवलं होतं.

रुग्णाला असं निर्णयात सामील केल्याने आजार कमी होतो का? इथे जपून बोलायला हवं. 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात (एकाच प्रश्नावरचे अभ्यास एकत्र पडताळणारा आढावा) 15 अभ्यास तपासले गेले. निर्णयात आपला सहभाग होता असं रुग्णांना वाटण्यात सुधारणा झाल्याचे संकेत मिळाले. लक्षणं घटतात किंवा रुग्णालयात परत दाखल होणं टळतं, असा ठोस पुरावा मिळाला नाही. वेळ जास्त जातो म्हणून टाळाटाळ करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र 2006 चा जर्मन प्रयोग बघावा. तिथे वॉर्डातल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना निर्णयात सामील करून घेतलं, तरी डॉक्टरांचा वेळ वाढला नाही.

आणि झटका इतका तीव्र असेल, की तेव्हा विचारण्यात अर्थच नाही, तर? त्यासाठी व्हीएच्या आगाऊ इच्छापत्राच्या (पुढे स्वतः ठरवता आलं नाही, तर कोणते उपचार हवेत हे लिहून ठेवण्याच्या) फॉर्ममध्ये मानसिक उपचारांबद्दलच्या पसंतीचा वेगळा भाग आहे. तो माणूस बरा असताना भरून ठेवायचा असतो.