गरम पाण्यासाठी सोलर की हीट पंप? अर्ज भरायच्या आधी विजेचं बिल हातात घ्या

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, घर गरम करायची वेळ कुणावर येत नाही, आपला प्रश्न आंघोळीच्या पाण्याचा आणि गीझरमुळे फुगलेल्या बिलाचा. पण एक क्लिअर करते, केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी छतावर वीज बनवणाऱ्या पॅनलला आहे, त्यात हीट पंपाला, म्हणजे हवेतल्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या यंत्राला, काही मिळत नाही आणि पाणी तापवणाऱ्या सोलर वॉटर हीटरलाही नाही. दुकानदार सबसिडी सबसिडी करत असेल तर कुठल्या सोलरची ते आधी विचारा.

सबसिडी अशी, १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ आणि त्यापुढे कितीही लावलं तरी ७८ हजार. १ किलोवॅटला सावली न पडणारी साधारण १०० चौरस फूट जागा लागते.

घर स्वतःचं, छत स्वतःच्या हक्काचं, वीज कनेक्शन चालू आणि आधी सोलर पॅनलची सबसिडी घेतलेली नसावी, एवढीच पात्रता. कागद पण थोडेच, अलीकडचं वीजबिल, आधार, पासबुक किंवा कॅन्सल चेक, घराचा पुरावा. पण खरी मेख नावात आहे. आमचं ऐरोलीचं रो हाऊस, बिल सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन सहा वर्षं झाली तरी आम्ही बिल भरत राहिलो आणि नाव बदलायचं राहूनच गेलं. सोलरचं ठरल्यावर मृत्यूचा दाखला, वारसांचं ना-हरकत पत्र सगळं जमवत बसलो, त्यातच पावसाळा आला. म्हणून सांगते, बिल, आधार आणि बँक खातं तिन्हीवर नाव सारखं आहे का ते आजच बघा, स्पेलिंगसकट.

मग योजनेच्या पोर्टलवर वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून रजिस्टर करायचं, अर्ज भरायचा, नोंदणी असलेला व्हेंडर निवडायचा. कोटेशनमध्ये डीसीआर पॅनल लिहून घ्या, म्हणजे भारतात बनलेले, नाहीतर सबसिडी मिळत नाही. आम्हाला एकाने स्वस्तातले बिगर-डीसीआर दाखवले होते, फरक विचारल्यावरच बोलला.

फ्लॅटवाल्यांचं वेगळं. गच्ची सोसायटीची, त्यामुळे एकट्याने पॅनल लावायचे तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. त्यापेक्षा जनरल बॉडीत ठराव करून लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांच्या कॉमन मीटरवर घ्या, सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार मिळतात. आणि गच्ची मिळणारच नसेल तर हीट पंप सबसिडीशिवायही विचार करण्यासारखा आहे, कारण तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, १०० लिटर पाणी २५ वरून ५५ डिग्रीला न्यायला गीझर साडेतीन युनिट खातो तिथे याचं सव्वा युनिटच्या आसपास भागतं, आणि ढगाळ जुलैतही चालतो. फक्त मोकळ्या हवेची जागा हवी, बंद बाथरूममध्ये नको.

पॅनल बसले, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला परत दिलेली वीज मोजणारा) लागला की तपासणी होते आणि कमिशनिंग रिपोर्ट, म्हणजे यंत्रणा सुरू झाल्याचा दाखला निघतो. त्यानंतर पोर्टलवर बँक डिटेल्स भरून सबसिडीची मागणी करायची, हे व्हेंडरवर सोडू नका, स्वतः लॉगिन करून बघा.